दुसरी पायरी

तू फोनवर विचारलंस, पाणी कुठवर आलंय.
मी म्हटलं, दुसऱ्या पायरीपर्यंत.
दुसरी पायरी तेव्हा दिसतच नव्हती, मेल्फ.
स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं
आणि तुझ्या बाबांचा लाकडी बूट, एकच,
टेबलाभोवती फेऱ्या मारत होता
चुकलेल्या बदकासारखा.

दुपारी वारा वायव्येला वळला
आणि ओहोटीची वेळ आली, गेली,
पाणी काही उतरलं नाही.
उधाणाच्या दिवसांत हे वाईट.
समुद्र परत जायचं विसरला
की पुढची भरती त्याच्या खांद्यावर चढून येते.
कुरणं गेली, मग कुंपणं, मग वाट,
मग आमचं टेकाड तेवढं उरलं,
ताटात उलटी वाटी ठेवावी तसं.

गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा
केटेलनं आणि मी मेंढ्या जिन्यानं वर चढवल्या,
अकरा, तुझ्या खोलीत.
एकीनं तुझं पोहण्याचं प्रमाणपत्र खाल्लं.
रागावू नकोस.

लोक म्हणतात वारा ओरडतो.
ओरडत नव्हता.
सगळं अंग टाकून तो घराला रेलला होता
झिंगलेला पाहुणा दाराला रेलतो तसा,
आणि सरकला की कौलं निघत,
एक एक, फार सावकाश.
केटेल हळूच म्हणाला, हे खांब सिमेंटचे आहेत ना?
चौथ्यांदा म्हणाला. मी चौथ्यांदा हो म्हटलं.

मावळतीकडच्या टेकाडावर फ्राउकेचा दिवा
नऊपर्यंत होता.
मग नव्हता.
मी खिडकीला पाठ करून बसले,
मेंढीच्या ओल्या लोकरीत हात खुपसून.
स्मशानाकडेही पाहिलं नाही.
बाबांना उतारावर पुरलंय, तुला माहीत आहे,
वरची जागा भरली होती.

पहाटे पाणी गेलं.
कुणी हाकललं नाही, आपणहून गेलं,
आणि फाटकाशी एक ड्रॉवर ठेवून गेलं,
मखमलीचं अस्तर, आत चमचे.

दहा वाजता चिखलातून कुणीतरी येताना दिसलं,
मांडीपर्यंत रबरी बूट, डोक्याला टॉवेल.
फ्राउके. माझं ड्रॉवर पाहिलंस का, म्हणाली,
जसं काही काल विसरून गेली होती.
मी म्हटलं, चमचे मोजून घे.
तिनं खरंच मोजले. अकरा.
बारावा लग्नापासूनच नव्हता म्हणाली,
आणि तिथेच, उंबऱ्यावर,
हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

टाकीतलं पाणी खारट झालंय.
त्याच पाण्याचा चहा केला,
दोघींनी साखर दुप्पट घेतली
आणि चवीबद्दल बोललो नाही.

बाबा आहेत जिथल्या तिथे. दगड थोडा कलला आहे.

संध्याकाळी लाइन सुरू होईल म्हणतात.
तू पुन्हा विचारशील.
जिना घासायला घेतला आहे, वरून खाली.
दुसऱ्या पायरीपर्यंत आले आहे.