थंड बाजू

उद्यमनगरात दुपारी लाइट गेली तेव्हा
मगदुमांच्या श्रेणिकची गाडी
बंपर उतरवून उभी होती,
कवळी काढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

खोक्यातून इंटरकूलर निघाला,
ट्रान्सपोर्टवाल्यानं एका कोपऱ्याला चेपवलेला.
अॅल्युमिनियमची ती रुंद छाती मांडीवर घेऊन
वाकलेली पाती मी जुन्या कंगव्यानं सरळ करत बसलो.
सुळक्या म्हणाला, "मिस्त्री, उवा घावल्या काय?"

हॉर्न हलवले. जाळीमागची प्लास्टिकची चौकट
तीन बोटं कापली.
माप दोनदा घेतलं होतं, तरी चुकलं,
म्हणून आणखी एक बोट.
पाइप इलाही शिकलगारनं जोडले
आर्गॉनच्या निळ्या टोकाखाली, श्वास धरून.
त्याचा आजा दारोदार सुऱ्यांना धार लावायचा.
"हात लावू नगंस," म्हणाला,
"चकाकतंय म्हणून गार असतंय असं न्हाई."

श्रेणिकनं विचारलं, ह्यानं नेमकं होतं काय?
मी सांगायला लागलो:
टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते,
तापली की विरळ होते,
आणि मधेच गप्प झालो.

अण्णा गुळव्या होते वडणग्याच्या गुऱ्हाळावर.
काहिलीत रस उड्या मारत असायचा,
ते थेंब पाण्यात टाकून
गोळी बोटांत फिरवून बघायचे.
बराच वेळ काहीच नाही. मग एकदम, "उतरा!"
वाफ्यात ओतलेला रस
अंग पसरून पडायचा, निवायचा,
निवता निवता दाट व्हायचा.
हे सगळं श्रेणिकला कुठं सांगू?
म्हटलं, "त्याच भांड्यात जास्त माल बसतो."
त्याला पटलं.

लाइट आली. हवा भरून साबणाचं पाणी मारलं.
दुसऱ्या जोडावर फेस धरला,
क्लॅम्प एक आटा आवळला.

रात्री पन्हाळ्याच्या रस्त्याला,
वाघबीळच्या चढाला, तिसऱ्या गिअरात
फट्ट!
गाडीनं ढेकर दिला. मागं काळा धूर.
श्रेणिकच्या तोंडावर त्याचा बाप दिसायला लागला.
पाइप सुटला होता.
आतून तेलाचा पातळ हात फिरलेला,
पुसायचा मीच विसरलो होतो.
बॅटरी दातात धरून रस्त्याकडेला पालथा झालो,
तर उसाचा ट्रॅक्टर थांबला, टेप बारीक करून
वरनं आवाज, "पावनं, ढकलायची हाय काय?"

पुन्हा निघालो. तिसरा, मग चौथा.
वारं प्यायलेलं वासरू म्हणतात ना, तसं.
फक्त हे वारं गार होतं.
श्रेणिक हसत होता, स्वतःशीच.
मी बघत होतो पाण्याच्या काट्याकडं,
नेहमीपेक्षा एक रेघ वर.
कुणाच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं
की मागच्याचं वारं अडतंच.
रेडिएटरचं बघू मंगळवारी, सोमवारी सुट्टी.

परतताना घरावरून आलो. अण्णा जागे होते.
नजर गेल्यापासून त्यांना गाड्या आवाजावरनं कळतात.
"बॉनेट उघड," म्हणाले.
मी त्यांचा हात धरून आधी ह्या पाइपावर ठेवला.
चटका बसला असणार,
पण त्या हातानं कधी झटकायची सवयच लावून घेतली नाही.
मग दुसऱ्या पाइपावर,
थंड बाजूला.
तिथं हात बराच वेळ राहिला.
उचलल्यावर अंगठा आणि दोन बोटं
एकमेकांवर फिरत होती, हळू,
पाण्यातनं काढलेली गोळी बघावी तशी.

श्रेणिक माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोललो नाही.

"झालंय," अण्णा म्हणाले.
आणि बोटं नाकाशी नेऊन,
जरा नाराज होऊन,
"पर ह्याला वास कसा न्हाई रं?"