उदाहरण क्रमांक एक्केचाळीस

फोटोवाला म्हणाला, टिकली काढा.
कान दिसले पाहिजेत. दात नकोत.
पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर,
त्यात ऐंशी टक्के चेहरा, बाकी पांढरं.
टिळक रोडवरच्या त्या दुकानात
भाड्याच्या नवरदेवी कोटाखाली
मी कोरी होऊन बसले
आणि टिकली त्याच्या आरशावरच विसरून आले.

मग नाव.
पासपोर्टात शर्वरी विलास थोपटे.
दहावीच्या सनदेवर उबाळे छबू भागवत.
अर्ज विचारतो, यापूर्वी इतर कोणत्या नावाने ओळखले जात होता?
जात होते. अजून जाते,
गेवराईहून चुलत्याचा फोन आला की.
शिवाजीनगर कोर्टाबाहेर, बदामाच्या झाडाखाली,
नोटरी सोनटक्क्यांनी पाचशेच्या स्टँपवर लिहून दिलं:
छबू आणि शर्वरी या दोन्ही व्यक्ती एकच आहेत.
शिक्का जोरात मारला, टेबल हललं.
बावीस वर्षांत हे मला कुणी लेखी दिलं नव्हतं.

परिषद तार्तूला. मला पंधरा मिनिटं.
त्यासाठी एकशे बारा पानं:
प्राचार्यांचं ना-हरकत पत्र (दोनदा; पहिल्यात मी ‘श्री.’ होते),
तीन वर्षांचा आयकर,
व्हिसा मिळण्याआधी काढलेलं परतीचं तिकीट,
सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट,
त्यात एका मंगळवारी अचानक ऐंशी हजार.
भिशी लागली होती.
पण भिशीला काय म्हणावं
हे काचेच्या अलीकडे मला
आणि पलीकडे तिला, दोघींनाही सुचेना.

विमा तीस हजार युरोंचा.
बारीक अक्षरात लिहिलंय:
मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च समाविष्ट.
म्हणजे काहीही झालं तरी मी परत येणार.
विलासला वाचून दाखवलं.
तो कणीक मळत होता. म्हणाला, बरं झालं,
आणि मग बराच वेळ कणीकच मळत राहिला.

शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा.
आपण परत याल, याचा पुरावा जोडा.

काय जोडू?
धनकवडीतल्या फ्लॅटचे अजून अकरा वर्षांचे हप्ते?
एस. वाय.चे न तपासलेले दोन गठ्ठे?
दुधवाल्याला सांगितलंय, बारा तारखेपासून पुन्हा अर्धा लिटर?
की तिथे जो वाचायचा आहे
तो माझा निबंधच?

निबंध इतकाच आहे, की आमच्यात
दारातून बाहेर पडणारी बाई ‘जाते’ म्हणत नाही.
‘येते’ म्हणते.
पाय बाहेर, क्रियापद आत.
चाळीस उदाहरणं आहेत, कात्रजपासून खेडपर्यंत टेप केलेली.
एसटीत बसणारी सून, मुंजाबाच्या बोळातला शिंपी,
कामावर निघालेली धुणीवाली, ती तर पायऱ्यांवरून ओरडते.
अपवाद एकच.
सुतकाच्या घरून निघताना कुणी काही म्हणत नाही.
चपला शोधतात, निघतात.

हे मी रकान्यात लिहिलं नाही.
हप्त्यांचं वेळापत्रक जोडलं.

संगमवाडीच्या त्या एसी हॉलमध्ये
उजवा अंगठा यंत्रावर उठेना.
‘वाइप अँड ट्राय अगेन, मॅडम.’
पदराला पुसला. चौथ्यांदा उठला.
खडूने झिजला असेल, मी म्हणाले. ती हसली नाही.
छातीवर पाटी, आर. गुंजाळ.
पूर्ण वेळ इंग्रजीत बोलली, स्वच्छ, मोजून,
जणू तिचंही कुणी टेप करत होतं.
पावती दिली. ‘नेक्स्ट.’

उठले, फाइल उचलली,
आणि सवयीने, अगदी सवयीने तोंडातून गेलं,
‘येते हं.’

ती पुढचा टोकन दाबत होती.
मान वर न करता म्हणाली,
‘या.’

पासपोर्ट अजून दिल्लीत आहे.
परिषद गुरुवारी.
रात्रीचे दीड वाजलेत, आणि मी तिसरी स्लाइड
पुन्हा उघडून बसले आहे.

उदा. ४१:
येते हं. / या.
(संगमवाडी, टोकन एकशे सतरा.
बोलणारीला परत यायचं कारण नाही.
ऐकणारीला ते माहीत आहे.)