माहेरचं आडनाव

सोहारच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
खोलीवर आलो की लगेच झोपत नाही.
बूट काढतो, चहा टाकतो, आणि उघडतो
आयर्लंडातल्या एका चर्चची बाप्तिस्म्यांची वही,
कुणीतरी पानापानाचे फोटो काढून ठेवलेली.

बाहेर सकाळी नवालाच एकेचाळीस.
पडद्यावर मात्र ओल.
ओलीनं खाल्लेला कोपरा,
एका पानाची शाई समोरच्या पानावर उठलेली.
मान वाकडी करून मी उलटी अक्षरं वाचतो.

खापरपणजोबा. शिपाई थॉमस हॅनराहन.
पलटणीच्या पगारपत्रकात हॅन्रेन,
नगरच्या मिशनवहीत हनरान,
आणि माझ्या ओळखपत्रावर हनराणे.
लोक विचारतात, कोकणातले का तुम्ही?
मी हो म्हणतो. कोण सांगत बसणार.

नऊ वर्षांत तीन थॉमस सापडले.
दोघांचा बाप पॅट्रिक, दोघांची आई ब्रिजिड,
जणू त्या मुलखात नावांचाही दुष्काळ होता.
तिसऱ्याच्या बापाच्या नावावर डाग.
शेवटी पलटणीच्या भरतीपत्रात गाव मिळालं : किलमोरन.
आमच्या सेफ्टीतला डेक्लन तिकडचाच.
हसून म्हणाला, ते गाव नाही रे, वळण आहे.

पण त्या वळणावरचं पान लागलं.
मोडक्या लॅटिनमध्ये एक ओळ :
थॉमस, पॅट्रिक आणि ब्रिजिड कनीन यांचा मुलगा.
कनीन.
म्हणजे बाईचं माहेरचं आडनावसुद्धा
पाद्र्यानं लिहून ठेवलं होतं,
खायची भ्रांत असलेल्या त्या सालात.
मी उठून गॅलरीत गेलो.
खाली पाकिस्तानी ड्रायव्हर ट्रकची काच पुसत होता.
सांगावंसं वाटलं. काय सांगणार?

परत आलो तेव्हा
शेजारच्या खिडकीत नगरची वही उघडीच होती.
लग्न, अठराशे शहात्तर.
वर : थॉमस, शिपाई. बापाचं नाव, पॅट्रिक.
वधू : सगुणा, नेटिव्ह, आता मेरी.
तिच्या बापाच्या रकान्यात आडवी रेघ.
आईसाठी रकानाच नाही.

ही वही दहा वर्षं माझ्याकडे आहे.
तिच्या ओळीवरून मी शंभरदा गेलो असेन,
थॉमसकडे जायचा रस्ता म्हणून.
सगुणा पारनेरची होती की राहुरीची,
कुणी सोडली, का सोडली,
तो पलटणीबरोबर गेला आणि आला नाही
तेव्हा कडेवरच्या पोराला घेऊन कुठं राहिली.
तिच्याच घासावर वाढलेले आम्ही सगळे,
आणि आत्या मात्र हट्टी पोराला म्हणायची
गोऱ्याचं हाड आहे.

मागच्या महिन्यात कार्ड नवं करायला गेलो होतो.
काउंटरवरच्या पोराच्या बिल्ल्यावर
त्याचं, बापाचं, आजाचं, कबिल्याचं नाव.
त्यानं विचारलं, आईचं नाव?
मी म्हणालो, रूथ.
आडनाव?
हनराणे, म्हणालो मी सवयीनं.
तो म्हणाला, ते तुझ्या बापाचं.
तिचं?

मागं रांग होती.
दिवे, मी म्हणालो, तोंड कोरडं पडून. दिवे. रूथ दिवे.
त्यानं अरबीत ते लिहिलं, उजवीकडून.

चहा गार झालाय.
पगाराच्या पावतीमागं मी लिहितो : सगुणा.
वर दोन रेघा ओढतो, बापाकडे एक, आईकडे एक,
आणि पेन
तसाच धरून बसतो.