दोन सूत

खाडीकडचा कोपरा खचलेला.
थंडीआधी उचलू, उर्मास म्हणाला,
आणि एका मंगळवारी सहा जॅक घेऊन हापसालूला आला.
सोबत केर्टू, शिकाऊ, एकोणीस वर्षांची,
खिशात पाणसळ, नखांत जवसाच्या तेलाचा रंग.

रोज एक सूत. त्याहून घाई नाही.
रात्री ओंडके कण्हायचे.
त्यांच्या फटींत कुणीतरी बोटांनी दाबलेलं शेवाळ
कोरडं होऊन माझ्या उशीवर गळायचं.
सकाळी वेचून मी ते पुन्हा जागच्या जागी कोंबायचे.
फोम भर म्हणणारा माझा भाऊ
अजून तेच म्हणतोय.

नवव्या दिवशी पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला.
जमिनीवर ठेवलेला वाटाणा ठेवला तिथेच राहिला.
आम्ही टाळ्या वाजवल्या,
राईच्या पावावर खारवलेला मासा उभ्याउभ्याच खाल्ला.

मग मी दार लावायला गेले.
लागेना.
शेजारचंही. न्हाणीचं तर चौकटीत शिरेचना.
अकरा दारं, अकरांची तोंडं फुगलेली.

उर्मासने एक बिजागरीवरून उतरवलं,
वरची कड उजेडात धरली.
रंध्याचे हात, एकाशेजारी एक:
जुना काळपट, त्यानंतरचा तपकिरी,
अगदी टोकाचा मधासारखा.
घर जसजसं बसत गेलं
तसतसं कुणी ना कुणी दार काढून आडवं टाकलं होतं,
केसभर तासलं होतं, परत चढवलं होतं.
कडेवरच पेन्सिलीत: हळू लाव. साल्मे झोपलीय.

साल्मे कोण, विचारायला कुणी उरलेलं नाही.

"सरळ घर हवं तर नवं बांधून देतो,"
उर्मास म्हणाला आणि बाहेर विडी ओढायला गेला.
"आणि हे?"
केर्टूने उत्तर दिलं नाही.
ती तळाशी सरपटत गेली, जॅकवर हात ठेवून म्हणाली,
तू दाराशी उभी राहा. सांग.

अजून, मी म्हणाले.
दुसऱ्या दिवशी, अजून.
तिसऱ्या दिवशी, अजून थोडं,
असं करत सातव्या दिवशी कडी आपण होऊन खाचेत पडली,
खट्.
थांब.

नऊ चढलो, सात उतरलो.
उरलेल्या दोन सुतांखाली
चुन्यात दगड बसवला.

दहा दारं लागतात.
न्हाणीचं अडतं; त्याला खांदा लावते, हळूच.
वाटाणा कुठे घरंगळला,
अजून सापडलेला नाही.