बाटली भरून वाहिली

कुंभीच्या वरच्या अंगाला, वाडीच्या शाळेमागं
एकच पर्जन्यमापक.
त्याची वही माझ्या टेबलावर:
कडा उंदरानं खाल्लेल्या, अकरावं पान नाही.

रोज सकाळी साडेआठला पिराजी डवरी
नरसाळं उचलायचा, बाटली मापात ओतायचा,
डोळा पाण्याच्या रेषेशी आणून
निळ्या शाईत लिहायचा.
बावन्न. एकशे अठरा.
मग सलग सदतीस, सदतीस, सदतीस.

मी फोन केला.
"ओढा रस्त्यावर हुता, बाई. पोरगी बाळंतपणाला आलेली.
शाळेपतूर जायाला झालं न्हाई. अंदाजानं लिवलं."

चौथ्या दिवशी आकडाच नाही.
रकान्यात एक वाक्य: बाटली भरून वाहिली.

सूत्रात वाक्य बसत नाही.
आणि तिथं नदीला मोजपट्टी नाही;
आहे ती खाली, राजाराम बंधाऱ्यावर.
तिथवर पाचही जणी एकच आडनाव लावून येतात,
कुणी माहेरून किती आणलं
विचारायची सोय नाही.

मग कासारीच्या खोऱ्यातला गुणांक उसना घेतला,
वाटीभर विरजण मागावं तसा.
दूध आपलं, विरजण शेजारचं.
वर जांभा, तो पाणी गिळतो
आणि सवडीनं झऱ्यातून परत करतो.
खाली काळी, उसाची.
तिसऱ्या दिवशी ती तोंड मिटते;
त्यानंतर पडेल ते नदीचं.

पुढल्या दिवाळीत टेप घेऊन गेले.
आक्काताईंनी गोठ्याच्या भिंतीवरची गाळाची ओळ दाखवली,
मग म्हशीच्या पोटावर हात ठेवून,
"हितवर भिजली ही."
एकशे बारा सेंटिमीटर.
त्या ओळीवरून उलट चालत
मी पावसापर्यंत पोचले:
दोनशे साठ ते तीनशे चाळीस.

"एकच आकडा द्या," साहेब म्हणाले.
तीनशे लिहिला. पेन्सिलीनं.
शेऱ्याच्या रकान्यात
पिराजीचं वाक्य जसंच्या तसं.

निघताना पाहिलं,
त्या तीन सदतिशींत जन्मलेली नात
आजोळी आली होती,
कुंपणाच्या फटीतून हात घालून
नरसाळ्यात खडे टाकत होती.

पिराजी वही शोधत म्हणाला,
"ह्ये बी लिवू का?"