सेकंदाला पंचवीस

सावद्याला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला,
केळी पिकवायच्या चौदा खोल्या आहेत
आणि पंधरावी माझी.
एक सर्व्हर, एक हात मोडलेली खुर्ची
आणि भिंतीपलीकडून येणारा
पिकत्या केळ्यांचा गोड, जरासा जड वास.

मंगळवारी नऊ नंबरची खोली तापली.
तापली रात्री अकराला.
निरोप मला मिळाला पहाटे सव्वादोनला,
तोवर आतला माल मऊ पडलेला.
निरोप हरवला नव्हता.
रांगेत उभा होता बिचारा,
जवळजवळ तीन लाख "ठीक आहे, ठीक आहे"च्या मागे.

मुरलीधरभाऊ फिरके म्हणाले, उंदीर.
जळगावहून नवी वायर आली.
सेकंदाला पंचवीस निरोप.
नवा स्विच आला, हिरव्या दिव्यांचा, हार घालून बसवला.
पंचवीस.
पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला,
बंद करून चालू करा.
केलं.
पंचवीस.

वायर रिकामी, मे महिन्यातल्या दुपारच्या रस्त्यासारखी.
प्रोसेसर चार टक्क्यांवर डुलक्या घेणारा,
मेमरी अर्ध्याहून जास्त पडीक.
कुणीच दमलेलं नव्हतं
आणि काम होत नव्हतं.

मला खटकत होती ती शिस्त.
दमलेला माणूस कधी वीस करतो, कधी तीस,
मधेच बिडी ओढायला जातो.
इथे ना चोवीस, ना सव्वीस.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी हजाराला पंचवीसने भागलं.
चाळीस.
चाळीस मिलिसेकंद.
डोळ्याची पापणीसुद्धा त्यात धड मिटत नाही.

मग निरोपांचे तुकडे पकडून
एकाखाली एक मांडले.
पाठवणारा अर्धा निरोप देऊन थांबलेला:
त्याची पोच येऊ दे, मग उरलेला देतो.
घेणारा अर्धा निरोप हातात धरून थांबलेला:
अजून काही येतंय का पाहू,
एकदमच पोच देतो.
दोघेही काटकसरी, दोघेही सज्जन.
मांडवात दोन व्याही समोरासमोर,
आधी तुम्ही बसा, छे छे आधी तुम्ही,
आणि पानातली कढी गार.
चाळीस मिलिसेकंदांनी एकाचा धीर सुटायचा,
मग पुढचा निरोप,
मग पुन्हा आधी तुम्ही.

चहा प्यायला बाहेर आले तर
रमजान तडवीची टोळी गाडी भरत होती.
दारापासून ट्रकपर्यंत अकरा माणसं,
क्रेट या हातातून त्या हातात.
मी मोजले: सात क्रेट मधल्यामधे,
कुणाचेच नाहीत अजून,
आणि पहिल्याने आठवा उचललेला.
"काय पाहू राह्यली वो ताई?"
मी विचारलं, पुढच्यानं नीट धरलं की नाही
हे बघायला थांबत नाही का तुम्ही?
रमजान हसला.
"थांबलो त केयी भरायले सकाय होईन.
पडलं त तो वरडीन ना."

आत येऊन दोन ओळी बदलल्या.
एकीत पाठवणाऱ्याला सांगितलं, साचवू नकोस.
दुसरीत सांगितलं,
शंभर निरोप पोचेविना वाटेवर असू देत,
पडला तर ओरडेल.

एकोणीसशे.
तिथे डिस्क कुरकुरायला लागली,
ते उद्याचं.
तीन लाखांची रांग पावणेतीन मिनिटांत उपसली गेली,
बरीचशी शिळी, मंगळवारची,
"ठीक आहे, ठीक आहे."

संध्याकाळी भाऊ आले. काय निघालं?
म्हटलं, काही बिघडलं नव्हतं.
दोघेही वाट पाहत होते.
"कशाची?"
एकमेकांची.

भाऊ बराच वेळ उभे राहिले.
कुंपणापलीकडे दुसरी कोल्ड स्टोरेज आहे,
पत्र्यावर त्यांच्या धाकट्या भावाचं नाव,
वाटण्या झाल्या त्या वर्षी रंगवलेलं.
तिकडे पाहिलं, खिशातला फोन काढला,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
परत वर केला.

"बिल पाठव," म्हणाले.