बावन्न इंच

लूसियेन पेलेतियेच्या तळघरात
टीव्ही कसला, कपाटच उभं आहे.
काळं, माझ्या खांद्याला लागेल एवढं,
खालची चाकं गालिच्यात रुतून बसलेली.
दीडशे डॉलर, ती म्हणते. आणि कुणी काही बोलायच्या आत,
एकशे वीस, उचलून तुम्हीच नेणार असाल तर.

रेइनो त्याच्यासमोर उभा राहतो
नोव्हेंबरातल्या तळ्यावर पहिलं पाऊल टाकावं तसा.
मी पिशवीतून लोकर काढते.
रुंदीला एक गाठ, खोलीला एक गाठ.
आमच्या दाराआतलं वळण मला पाठ आहे.
एकाहत्तर साली फ्रीजर तिथेच अडकला होता,
दिराच्या बोटासकट.

रिमोट दाबला की आधी नुसता आवाज येतो.
चित्र मागून, पेटीच्या पोटातून, सावकाश वर येतं,
बर्फाला पाडलेल्या भोकात मासा दिसू लागतो तसं.
हॉकी.
प्रत्येक खेळाडू तीनदा. एक लाल, एक हिरवा, एक निळा,
स्वतःच्याच मागे किंचित उशिरा धावणारे.
जुळवता येतं ते, लूसियेन म्हणते,
मोरिसला यायचं. आत कुठेतरी एक फुली असते,
ती दुसऱ्या फुलीवर न्यायची.
तिचं बोट हवेत ती फुली शोधत राहतं.

मी बाजूला सरकते. चित्र विझतं.
परत येते. उजळतं.
समोर बसेल त्यालाच ओळख देणारा प्राणी आहे हा.
माझी खुर्ची खिडकीशी. तीस वर्षं तिथे बसून विणते,
गोल झाला की आवाजावरूनच कळतं कुणाचा.

रेइनोच्या नजरेत हल्ली मधोमध डाग आहे.
कडेनं बघायला शिका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
तेव्हापासून मला बघायचं असलं की तो माझ्या कानाकडे बघतो.
पडदा मोठा असला तर डागाबाहेर काही तरी उरेल,
असा त्याचा हिशेब. मी तपासला. बरोबर आहे.
समोर बसायचं आणि कडेनं बघायचं, एवढंच.

भाचा म्हणतो, मामा, वेडा आहेस,
आता भिंतीला टांगायचे मिळतात, पोळीसारखे पातळ.
मिळतात. नऊशेला.
कागदाची गिरणी बंद झाली तेव्हा हा पोरगा पाळण्यात होता,
त्याला नऊशे हा आकडा वाटतो.

मग कॅमेरा नुसत्या बर्फावर थांबतो, पडदा पांढराफेक होतो,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात मला ते दिसतं.
राखाडी चौकोन. त्यात एक आडवी रेघ.
लूसियेन माझी नजर पकडते.
शेवटच्या हिवाळ्यात तो इथेच झोपायचा, ती म्हणते,
रात्रंदिवस हवामानाचं चॅनल.
आकडे बदलत राहिले, म्हणून आकडे उमटले नाहीत.
उणे तेवढं बदललं नाही.

रेइनोला ते दिसत नाही. तो हसतोय,
लाल-हिरव्या-निळ्या गोलकीपरच्या डाव्या खांद्याकडे बघून.
मी सांगत नाही. गाडीतही नाही.
थंडर बेचे सगळे दिवे सरकून जातात,
मांडीवर लोकरीची गुंडाळी,
आणि मी मनात दुसऱ्याच्या नवऱ्याचं ते उणे
आमच्या दिवाणखान्यात ठेवून बघते,
पडद्यांच्या रंगाशी, घड्याळाशी.

आता दारात उभी आहे, बूट न काढता.
एक गाठ चौकटीच्या या कडेला, दुसरी त्या कडेला.
सैल धरली तर बसतो.
जरा ताणली तर दोन बोटं बाहेर राहतो.
लोकरीनं माप घेऊ नये असं आई म्हणायची,
शिंपीणच होती ती.

आतून काही तरी घासत नेल्याचा आवाज येतो,
लाकडावर लाकूड, मध्येच थांबत, दम खात.
खिडकीकडून खोलीच्या मध्याकडे.
माझी खुर्ची.

बसतो का गं, तो ओरडतो.
थांब, मी म्हणते, दार उघडंच, सगळी थंडी आत येतेय,
थांब जरा, अजून मोजतेय.